अभिरुची कुणाची आणि मानधन कुणाला?

बालाघाटी
शनिवार, रात्री १०:१२

आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी सांस्कृतिक महोत्सव भरतो. यंदा कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्या समितीत मला घेतलंय, बहुधा मी गप्प बसेन या भरवशावर. मसुदा असा आहे: रोज संध्याकाळी सभागृहात शास्त्रीय गायन, भावगीतं, एक नाटक. दुपारी चार ते साडेपाच बाहेरच्या मांडवात ‘लोककला’. गोंधळ, भारूड, हलगी, वासुदेव, जात्यावरच्या ओव्या, सगळं त्या दीड तासात कोंबलेलं. गायकांच्या नावापुढे मानधनाचा आकडा आहे. गोंधळ्यांच्या नावापुढे ‘येण्याजाण्याचा खर्च व जेवण’. मी कारण विचारलं तर एक ज्येष्ठ सदस्य शांतपणे म्हणाले, "अहो, आपल्याला लोकांची अभिरुची घडवायची आहे."

त्यांच्याशी भांडण नाही, माणूस सज्जन आहे. पण वाक्य डोक्यातून जाईना म्हणून धागा काढला.

पिएर बूर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. खेड्यातला, बाप पोस्टात. त्याने १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७-६८ मध्ये बाराशेवर माणसांना प्रश्नावली दिली. कोणतं संगीत आवडतं, फर्निचर कुठून घेता, पाहुण्यांना काय वाढता, कशाचा फोटो सुंदर निघेल. १९७९ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक आलं. कामगारांना मावळतीच्या सूर्याचा फोटो सुंदर वाटत होता. शिकल्यासवरल्या वरच्या थरातले लोक म्हणत होते की कोबीच्या गड्ड्यांचाही फोटो सुंदर निघू शकतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ही आवड आभाळातून पडत नाही. घर आणि शाळा ती देतात, आणि पुढे तीच आवड जमिनीच्या सातबाऱ्यासारखी कामाला येते. तिला तो सांस्कृतिक भांडवल म्हणतो. वरच्यांची खुबी ही की ते आपल्या आवडीला आवड म्हणत नाहीत, गुणवत्ता म्हणतात.

आता माझी शंका. हे फ्रान्सचं झालं. आपल्याकडे ज्याच्याकडे जमीन होती तो तमाशाला सुपारी देत होता, आणि ज्याच्याकडे जमीन कमी पण पोथी होती तो त्याच तमाशाला नाक मुरडत होता. मग सत्ता नक्की कुणाची धरायची?

रानमेवा
शनिवार, रात्री १०:३१

कोबीचा फोटो सुंदर म्हणणाऱ्याने भाव पडल्यावर उभ्या कोबीत रोटाव्हेटर फिरवलेला नसतो. बाकी चालू द्या, वाचतोय.

निवृत्त_मास्तर
शनिवार, रात्री ११:०५

विषय चांगला आहे. पण ‘सगळं सत्तेमुळे’ म्हटलं की विचार करायचं कामच संपतं, म्हणून आधीच हरकत नोंदवतो.

मी शाळेत मुलांना पेटीवर गाणं शिकवण्यात हयात घालवली. यमनमधला तीव्र मध्यम कळायला कान तयार व्हावा लागतो. तो पैशाने येत नाही, बसून ऐकल्याने येतो. अंबाजोगाईच्या शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज घ्या. पखवाज आपल्याकडे आधी हरिनाम सप्ताहात वाजतो, मग मैफिलीत. सप्ताहात रात्र रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याला धृपदाची साथ ऐकवा, तो सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बरोबर पकडतो. मग शास्त्रीय संगीत हे वरच्यांचं हत्यार कसं झालं?

आणि बेसूर ते बेसूरच. सत्तेने ते सुरात येत नाही.

मीडियम_वेव्ह
रविवार, सकाळी ७:४८

मास्तर, सत्तेने सुरात येत नाही हे खरं. पण सत्तेने रेडिओवरून जातं.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी, १९५२ ला नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार केली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनने बिनाका गीतमाला सुरू केली आणि बुधवारी रात्री लोक कोलंबोकडे कान लावून बसू लागले. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. म्हणजे अभिरुची घडवायला निघालेल्या सरकारचा श्रोत्यांनी बुधवारचा बुधवार पराभव केला.

पेटीची गोष्ट तर तुम्हाला जास्त माहीत असेल. १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी. कारण काय, तर तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, निघत नाहीत. कारण खोटं नव्हतं, मींड निघत नाहीच. पण त्याच काळात मराठवाड्यातल्या कुठल्या देवळात पेटीशिवाय भजन झालं? देवाला चालत होती, दिल्लीला चालत नव्हती.

आणि खरी मेख पुढे आहे. केसकरांच्याच काळात कलाकारांची चाचणी घेऊन प्रत लावायची पद्धत पक्की झाली. त्या प्रतीवर कार्यक्रम आणि पैसे ठरायचे. गळ्यात पिढ्यांचं गाणं असलेल्या उस्तादांना परीक्षकांपुढे बसायला लागलं, तेव्हा बोंबाबोंब झाली होती. ऐकणाऱ्याची आवड सरकारला बदलता आली नाही. कुणाला किती पैसे मिळतील, हे मात्र बदलता आलं.

अवांतर: परभणी आकाशवाणीवर लोकगीतं लागली की आमच्या घरी आवाज मोठा व्हायचा. शहरातले पाहुणे आलेले असले की बारीक.

निवृत्त_मास्तर
रविवार, सकाळी ८:२०

पेटीबंदी हा मूर्खपणा होता, दुमत नाही. पण आकाशवाणीच्या मूर्खपणावरून कानाच्या शिक्षणाचा निकाल लावू नका.

ढोलकीची_शाई
रविवार, सकाळी ११:३६

मास्तरांच्या सुरेल-बेसूरच्या फूटपट्टीने लावणी कधी नापास झालीच नव्हती, हे आधी लक्षात घ्या. तिला नापास केलं ते वेगळ्या पेपरात.

मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावर बंदी आली, अश्लील म्हणून. उठवली तेव्हा अट घातली की वग, म्हणजे तमाशातलं नाटक, लिहून द्या, तपासून घ्या, मग बोर्डावर, म्हणजे स्टेजवर, चढा. ज्या कलेचा जीवच ऐन वेळच्या हजरजबाबीपणात आहे, तिला आधी कागदावर उतरायला सांगितलं. आपण मराठवाड्यातले तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. मुंबई राज्यात आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे ती बंदी आपल्यावर नव्हती. पण ‘सुधारलेला’ तमाशा आणि त्याच्याबरोबरची नजर आपल्याकडेही आली.

शैलजा पाईक यांनी दलित तमासगीर स्त्रियांवर मोठं काम केलंय. २०२२ ला पुस्तक आलं, २०२४ ला त्यांना मॅकार्थर फेलोशिप मिळाली. त्यांच्या कामातून मला उमगलं ते असं, की अश्लील हा शिक्का अंगविक्षेप मोजून बसत नाही. नाचणारीची जात बघून बसतो, आणि एकदा बसला की तिने कितीही अंग झाकलं तरी निघत नाही.

दोन बायका शेजारी ठेवून बघा. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन माईकसमोर लावणी गायच्या, ती लावणी दिवाणखान्यात पोचली. थोर गायिका, प्रश्नच नाही. २०२२ ला पद्मश्री मिळाली. विठाबाई नारायणगावकर मांग समाजातल्या, बोर्डावर नाचत गायच्या. राष्ट्रपतींचं पदक मिळालं, तरी शेवटचे दिवस हलाखीत गेले, दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली. २००२ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

आणि आज टीव्हीवरच्या स्पर्धेत चांगल्या घरची मुलगी तीच अदा करते. परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, कॅमेरा प्रेक्षकांत बसलेल्या तिच्या आईवडिलांकडे वळतो, आई डोळे पुसते. फडावरच्या मुलीची आई कुठल्या कॅमेऱ्याला कधी सापडली नाही. ती राहुटीत पुढच्या गावच्या परवानगीचे कागद जुळवत असते.

बालाघाटी, तुमच्या शंकेचं उत्तर इथंच आहे. सुपारी देणारा पाटील आणि नाक मुरडणारा पोथीवाला एकाच बाजूचे होते. एकाने रात्र विकत घेतली, दुसऱ्याने दिवसाढवळ्या नाव ठेवलं. तिच्याकडे ना रात्र राहिली ना दिवस.

जातं_खुंटा
रविवार, दुपारी १:१५

ढोलकी, +१.

त्या मसुद्यातल्या ‘जात्यावरच्या ओव्यां’वर थोडं. आमच्याकडच्या महोत्सवात स्टेजवर जातं ठेवतात. कॉलेजच्या मुली नऊवारी नेसून, नथ घालून त्याच्याभोवती बसतात. पीठ पडत नाही, कारण दाणेच टाकलेले नसतात. ओव्या कोणत्या? माहेर, भाऊराया, पंढरीची वाट. गोड आहेत, खोट्या नाहीत.

पण गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. ध्वनिमुद्रण नेटवर आहे, ऐका. जातं तेच, चाल तीच. महोत्सवाच्या स्टेजवर मी त्या कधी ऐकल्या नाहीत. बाईने जात्यावर रडावं इथपर्यंत अभिरुची आहे, तिने जात्यावर राजकारण केलं की ‘विषयाला धरून नाही’.

पदर_काठ
रविवार, दुपारी ३:०२

गाण्यातलं मला कमी कळतं, मी कापडावर बोलते.

आमच्याकडं लग्नात कुणी नवी पैठणी नेसून आली की एखादी आत्या कौतुक करत करत पदर हातात घेते आणि सहज म्हणून उलटा करते. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. कारण मोराच्या मानेचा हिरवा धागा मानेपुरताच जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच मागं फिरतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, विणकर ती बोटांनी फिरवतो. यंत्रमागाच्या साडीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, म्हणून मागं लोंबतो, नाहीतर कातरलेला असतो. आत्याला हे काही समजावून सांगता येणार नाही, पण अंगठा फिरवला की तिला कळतं. तोंडाने म्हणते, "छान आहे हं." त्या ‘हं’मध्ये सासरची ऐपत, माहेरची ऐपत, दिराचा पगार, सगळं येऊन गेलं.

आता पुढची गंमत. हीच परीक्षा घेऊन आत्या संभाजीनगरला हिमरू शाल घ्यायला गेली तर फसेल. हिमरूच्या मागं धागे मोकळे असतातच. नक्षीचं रेशीम मागून पळत जातं, त्यानेच शाल जाड आणि उबदार होते. आणि हिमरू मुळात किनखापाची परवडणारी बहीण. सोन्याचांदीच्या जरीऐवजी सुताच्या ताण्यावर रेशीम. किनखापाशेजारी ती दुय्यमच. आता किनखाप कुणी बघितलेला नाही, हिमरूचे माग बोटांवर मोजण्याइतके उरले, म्हणून तीच शाल पाहुण्याच्या खांद्यावर ‘अस्सल’ म्हणून टाकतात.

मास्तर, कसब खरं आहे हे मला मान्य आहे. मोर दोन्हीकडून सारखा विणायला महिने जातात, ते काही कुणाच्या सत्तेने आलेलं नाही. पण त्या पदराकडं बघून आम्ही विणकराबद्दल काय ठरवतो? काहीच नाही. नेसणारीबद्दल ठरवतो. कसब एकाचं आणि इभ्रत दुसऱ्याची.

माळवद
रविवार, संध्याकाळी ६:४४

पदरकाठताईंच्या शेवटच्या ओळीवरून घरांचं आठवलं.

औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या भागातली जुनी घरं म्हणजे माळवदं. हातभर जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जड थर. दरवर्षी पावसाआधी माती टाकायची, की थर वाढतच जायचा. मे महिन्यात बाहेर फुफाटा आणि आत माठाच्या पाण्यासारखा गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले, किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप जगाच्या मानाने फार मोठा नव्हता. दगडाची सुटी भिंत आणि डोक्यावरची मणामणाची माती यांनी माणसं मारली. आमच्या चुलत्याला आम्ही त्याच दगडांखालून काढलं.

त्यानंतर आमच्याकडच्या माणसाला विचारा, घर कसलं पाहिजे. स्लॅबचं. चौकोनी डबा असला तरी चालेल, पण स्लॅबचं. त्याला बाहेरून पोपटी नाहीतर गुलाबी रंग, गच्चीच्या कठड्याला सिमेंटची कमळं, दारावर बालाजीची टाइल. शहरातून आलेले शिकलेले लोक बघतात आणि हळहळतात, "गावाचं सौंदर्य गेलं हो."

आता तेच लोक शेतघर बांधतात. दगडी भिंत, सारवलेलं अंगण, कोनाडा, कोनाड्यात कंदील. एका ठिकाणी काम चालू असताना मी आत जाऊन बघून आलो. आत आरसीसीचा सांगाडा, लोखंड आमच्या घरापेक्षा जास्त. दगड बाहेरून चिकटवलेला, चार इंची. भूकंपाचा धडा आमच्याकडून घेतला, रूपही आमचंच घेतलं, आणि नावं ठेवायला पोपटी रंग तेवढा आमच्यासाठी सोडला.

मला दगडी भिंत आवडत नाही असं नाही. पण ती सुंदर वाटायला आधी ती अंगावर पडणार नाही याची खात्री लागते, आणि त्या खात्रीला पैसे लागतात.

रानमेवा
रविवार, संध्याकाळी ७:०१

आमचं घर पोपटीच आहे. गेट जांभळं आहे. निषेध नोंदवून घ्यावा.

गोदातीर_नांदेड
रविवार, रात्री ८:३७

सगळ्यांचं पटतंय, पण मग डीजेचं काय करायचं? तोही ‘लोकांची अभिरुची’ म्हणून खपवून घ्यायचा का? आमच्या गल्लीत खिडक्यांच्या काचा थरथरतात, आजीला त्रास होतो.

मीडियम_वेव्ह
रविवार, रात्री ९:१०

गोदातीर, तो अभिरुचीचा मुद्दाच नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर भोंगा बंद. यमन लावला तरी तेवढीच. आजीच्या कानाला राग कळत नाही, दाब कळतो.

फक्त एवढं बघा, की गल्लीतली तक्रार कोणत्या मिरवणुकीनंतर लिहिली जाते आणि कोणत्या वरातीनंतर ‘असू द्या, एक दिवसाचा प्रश्न आहे’ म्हणून सोडली जाते. भीमजयंतीचा डीजे लोकांना ऐकू येतो, आमदाराच्या पुतण्याच्या वरातीचा येत नाही. यंत्र एकाच दुकानातून भाड्याने आणलेलं असतं.

किलेअर्क
रविवार, रात्री ११:५२

उशिरा आलो. हमारे शहर का भी एक किस्सा सुनो, म्हणजे मराठीतच सांगतो.

वली औरंगाबादी, ज्याला वली दक्खनी म्हणतात, १७०० मध्ये दिल्लीला गेला. तिथले शायर फारसीत लिहायचे. घरात, बाजारात जी बोली बोलायची तिच्यात गझल लिहिणं त्यांना शोभणारं वाटत नव्हतं. दक्खनकडून आलेल्या या माणसाने बोलीत गझल ऐकवली आणि पुढे वलीचा दीवान, म्हणजे गझलांचा संग्रह, दिल्लीत पोचला तेव्हा लोक रस्त्यात त्याच्या ओळी म्हणू लागले, असं जुने लिहिणारे सांगतात. दिल्लीची उर्दू शायरी उभी राहिली त्यात आपल्या गावच्या माणसाचा हात आहे.

मग काय झालं? एकदा बोलीत लिहिणं प्रतिष्ठेचं झालं, तेव्हा दिल्लीवाल्यांनी तिची साफसफाई सुरू केली. शाह हातिमने तर आधीच्या स्वतःच्याच शायरीतून निवड करून, दुरुस्त करून नवा दीवान केला. दक्खनी शब्द, देशी शब्द गावंढळ म्हणून बाहेर. ज्या तोंडाने दार उघडलं, त्याच तोंडाला ‘पाय पुसून ये’ म्हणाले.

आज आमची दक्खनी कुठे ऐकू येते? विनोदी व्हिडिओत. ‘नक्को’, ‘हौ’ म्हटलं की लोक हसतात. सिराज औरंगाबादीचं नाव हसणाऱ्यांपैकी कुणी ऐकलेलं नसतं. तुमच्या मराठीतही तेच ना? ‘करूलालो’, ‘जाऊलालो’ म्हणणारं पात्र नाटकात कोणत्या कामाचं असतं? नोकराच्या नाहीतर विनोदाच्या.

बालाघाटी
सोमवार, सकाळी ९:२५

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकेक उत्तर देत बसत नाही, एक गोष्ट जोडतो.

सर जॉर्ज बर्डवूड. जन्म बेळगावचा, बरीच नोकरी मुंबईत. हिंदुस्थानी कारागिरीचा मोठा कैवारी होता. कापड, भांडी, दागिने यांवर मन लावून लिहिलं त्याने. हाच माणूस १९१० मध्ये लंडनच्या सभेत जावातल्या एका बुद्धमूर्तीबद्दल म्हणाला की चरबीतलं उकडलेलं पुडिंग ठेवलं तरी शांतीचं प्रतीक म्हणून तितकंच चालेल. आणि हे कधी, तर मुंबईच्या आर्ट स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली १८७२ पासून वर्षानुवर्षं आपल्या अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला उतरवून गेल्यावर. बघायला मिळालं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्याला आपल्या लोकांचे कुशल हात मान्य होते. त्या हातांमागे विचार असेल, हे मान्य नव्हतं.

मजा पुढे आहे. तेरा कलावंत आणि जाणकारांनी लंडनच्या टाइम्समध्ये निषेधाचं पत्र छापलं आणि तिथून भारतीय शिल्पाचा भाव वधारायला लागला. म्हणजे शिवीही लंडनची आणि दिलगिरीही लंडनचीच.

आमच्या मसुद्यातला दुपारचा मांडव मला बर्डवूडच्या कपाटासारखा वाटतो. कौतुक आहे, प्रेमही आहे. पण कपाट वेगळं, आणि किल्ली आमच्याकडे.

संबळ_तुणतुणं
सोमवार, रात्री १०:१८

वाचत होतो, आज लिवतो. आमच्या घरी गोंधळ पिढ्यान् पिढ्या. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचं नाव निघालं की आमच्याकडं अजून कानाला हात लावतेत.

मास्तर म्हणतेत चांगलं-वाईट असतंच. असतंच की. आमच्यात तर लई असतं. लग्नानंतरचा गोंधळ धरा. अंगणात चौक भरलेला, पाटावर कळस, दिवटी पेटलेली. आधी एकेका देवाला त्याच्या गावासकट बोलवावं लागतं. तुळजापूर झालं, माहूर झालं, जेजुरी झाली, आन त्या घरचं एखादं दैवत सुटलं तर म्हातारी उठून सांगती, "आमचा खंडोबा मपल्या मपल्यानं येणार हाय का?" मग आख्यान. कुठं हसवायचं, कुठं रडवायचं हे मांडवातली तोंडं बघून ठरवायचं. तुणतुण्याची तार उतरली तर शेंबडं पोरगंबी सांगतं. संबळाचा एक हात ढिला पडला की मागच्या रांगेतला म्हातारा खाकरतो. झेपलं न्हाई तर लोक उठून जात न्हाईत, झोपतेत. झोपलेल्या मांडवापुढं पहाट काढायची म्हणजे काय असतं ते आमालाच ठावं.

आता हे दुपारी चारला, वीसेक मिनटात, दिवटी न पेटवता करायचं. कामून? स्टेजला जाजम हाय म्हणून. एका स्पर्धेत आमचे गुण कापले, कागदावर कारण लिवलं ‘सादरीकरणात स्वच्छता नाही’. दिवटीचं तेल सांडलं होतं.

बालाघाटी भाऊ, तुमी आमाला सभागृहात घ्यायचं म्हणताल. आमाला सभागृह नको. तिथं खुर्च्या एका तोंडाच्या, लोकांशी बोलताच येत न्हाई. आमाला रात्र द्या. देवळापुढची जागा द्या. पैसे गायकाइतके द्या. आन पत्रिकेत नाव छापा, ‘व संच’ म्हणून न्हाई, झांजवाल्यासकट सगळ्यांची.

निवृत्त_मास्तर
सोमवार, रात्री १०:५१

संबळ, हे या धाग्यातलं सगळ्यात कामाचं लिहिणं. म्हातारा खाकरतो, हेच मी कान म्हणतो. म्हणजे कान तुमच्याकडे आहे आणि पत्रिका आमच्याकडे, इतपत मी तुमच्या बाजूला आलो असं समजा.

पण एक विचारतो. मी, बाहेरचा माणूस, तुमचा एखादा गोंधळ ऐकून ‘आज जमला नाही’ म्हणालो, तर ते चालेल का? की मी मास्तर, सभागृहवाला, म्हणून लगेच ते सत्तेचं बोलणं ठरेल? तसं असेल तर मग कुणीच कुणाला काही सांगू नये आणि सगळंच छान म्हणावं. ते मला जमणार नाही.

संबळ_तुणतुणं
सोमवार, रात्री ११:२०

चालंल की. पहाटेपस्तोर बसा आन मग म्हणा. आमी ऐकून घेऊ, भांडूबी.

आता माझं. पुतण्या शहरात शास्त्रीय गाणं शिकाया जातो, त्याला आवड हाय म्हणून आमीच घातला. क्लासच्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "आवाजातला गोंधळ काढून टाक." आता पोरगं घरी आलं की तुणतुण्यामागं गाताना घसा चोरतं. बापाच्या मागं झील धरायची, म्हंजी मागनं सूर ओढायचा, तर हळू धरतं. ह्यात कान तयार करणं किती आन मान खाली घालाया लावणं किती, ते तुमी सांगा. तुमी हयातभर शिकवलंय.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ६:३०

कोणत्या पट्टीत गातो तो तुमच्याबरोबर?

संबळ_तुणतुणं
मंगळवार, सकाळी ६:५५

काळी चार. कधी पाच. त्याखाली उतरला की संबळात बुडतो.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ७:४०

वाटलंच. क्लासमध्ये त्याला काळी एक नाहीतर पांढरी दोनमध्ये बसवलं असणार, पुरुषांना सर्रास तिथंच बसवतात. वरच्या पट्टीचा मोकळा आवाज खाली आणला की सुरुवातीला फुटतो, आणि घाईतला शिक्षक त्यालाच दोष म्हणतो. खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज त्याला करावा लागेल, त्यातून सुटका नाही. पण त्यासाठी वरचा आवाज मारायची गरज नाही. सकाळी खर्ज, संध्याकाळी तुमच्यामागे पूर्ण आवाजात झील, दोन्ही रोज. दोन्ही आवाज एका गळ्यात राहतात. कीर्तनकारांच्या गळ्यात राहिलेले मी पाहिलेत. सरांना हे पटत नसेल आणि क्लास बदलायचा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.